टर्बो, चारही चाकांची ओढ आणि सेकंदांचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

टर्बो इंजिन आणि ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) असलेल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांची तुलना कशी करायची, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : एकाच गाडीचा ० ते १०० चा वेळ एका ठिकाणी ४.९ सेकंद आणि दुसरीकडे ५.७ सेकंद छापून येतो. यातलं खरं कोणतं?

दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. अमेरिकी चाचण्यांत ० ते ६० मैल, म्हणजे ९६.६ किमीपर्यंतचा वेळ घेतात. शिवाय तिथल्या अनेक चाचण्यांत गाडी पहिला एक फूट, म्हणजे साधारण ३० सेंमी, सरकल्यावर घड्याळ सुरू होतं. ड्रॅग स्ट्रिपवरच्या प्रकाशकिरणांच्या पद्धतीतून हे आलं. जोरात सुटणाऱ्या गाडीलाही या ३० सेंमीला पाव ते एक तृतीयांश सेकंद लागतो आणि घड्याळ सुरू होतं तेव्हा तिला ताशी ६ ते ८ किमीचा वेग आलेलाच असतो. वरच्या टोकाला ९६.६ पासून १०० पर्यंत जायला आणखी पाव सेकंद. म्हणजे गाडी तीच, चालवणारा तोच, रस्ता तोच, तरी अर्ध्या सेकंदाचा फरक नुसत्या मोजणीतून निघतो.

त्यानंतर येतो गिअर. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १०० ला पोचते की तिसरा टाकावा लागतो, हे घरी कागदावर काढता येतं. आरपीएम गुणिले टायरचा परीघ मीटरमध्ये गुणिले ०.०६, आणि त्याला गिअर व फायनल ड्राइव्हच्या एकत्रित गुणोत्तराने भागायचं. २३५/४५ आर१७ टायरचा परीघ सुमारे २.०२ मीटर असतो. लाल रेषा, म्हणजे इंजिनाच्या आरपीएमची मर्यादा, ७००० ला आणि दुसऱ्या गिअरचं एकत्रित गुणोत्तर ८.५ असेल, तर उत्तर येतं ९९.८ किमी. अशी गाडी ६० मैलांची चाचणी दुसऱ्या गिअरमध्येच संपवते, पण १०० साठी तिला आणखी एकदा क्लच दाबावा लागतो. त्यात तीन ते पाच दशांश सेकंद जातात. कागदावर ती गाडी 'मंद' ठरते, प्रत्यक्षात मात्र तसं नसतं.

उरलेला सगळा फरक सुटण्याचा. किती आरपीएमवर क्लच सोडला, किती घासू दिला, टायर गरम होते का, हे ठरवणारं असतं. म्हणून या वर्गातल्या गाड्यांची तुलना करताना ० ते १०० ला आम्ही सगळ्यांत कमी महत्त्व देतो. त्याऐवजी दोन आकडे बघा. एक, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, संपताना गाडीचा वेग किती होता. सुटताना गडबड झाली तर पाव मैलाचा वेळ बिघडतो, पण शेवटचा वेग फारसा हलत नाही. तो ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराशी घट्ट बांधलेला असतो. दोन, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ८० ते १२० चा वेळ. यात टर्बो किती लवकर जागा होतो ते उघड होतं.

शेवटच्या वेगावरून ताकदीचा अंदाज बांधायचा एक जुना ठोकताळा आहे. वेगाला २८९ ने भागा, येणाऱ्या संख्येचा घन करा आणि चालकासकट वजनाने गुणा. चालकासकट १५७५ किलोची गाडी १६५ किमी वेगाने रेषा पार करत असेल तर उत्तर २९३ अश्वशक्तीच्या आसपास येतं. विकणारा त्याच गाडीची ४०० अश्वशक्ती सांगत असेल तर त्याला पाव मैलाची पावती मागा.

स्वतः मोजायचं असेल तर बंद ट्रॅकवरच मोजा. फोनमधल्या साध्या जीपीएसवर भरवसा नको, कारण तो बहुधा सेकंदाला एकदाच नोंद घेतो. निदान १० हर्ट्‌झचं स्वतंत्र यंत्र हवं. एक टक्का उतारसुद्धा ५ सेकंदांच्या धावेत सुमारे ०.१ सेकंद देतो, म्हणून दोन्ही दिशांना धावा घेऊन सरासरी काढा. टाकीत किती पेट्रोल, टायरमध्ये किती हवा आणि बाहेरचं तापमान किती, हे नोंदीत लिहा. या तीन गोष्टींशिवायच्या आकड्याची दुसऱ्या गाडीच्या आकड्याशी तुलना होऊ शकत नाही.

प्रश्न : टोयोटाची जीआर यारिस हलकी आहे, तरी फोक्सवॅगनची गोल्फ आर तिच्यापुढे एवढी कशी जाते?

युरोपातल्या पहिल्या जीआर यारिसचे कंपनीचे आकडे २६१ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), ३६० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ० ते १०० ला ५.५ सेकंद. आठव्या पिढीच्या गोल्फ आरचे ३२० पीएस, ४२० न्यूटन-मीटर आणि ४.७ सेकंद. आता वजन. यारिसचं १२८० किलो हे वजन चालकाशिवायचं आहे. गोल्फचं सुमारे १५५० किलो हे युरोपीय नियमाप्रमाणे ७५ किलोचा चालक धरून. बहुतेक लोक हे दोन आकडे तसेच शेजारी ठेवतात आणि तिथेच फसतात.

यारिसमध्ये ७५ किलो मिळवले की १३५५ किलो होतात. मग यारिसला टनामागे १९३ पीएस पडतात, गोल्फला २०६. फरक सात टक्क्यांचा. सात टक्क्यांनी ५.५ सेकंदांतले जेमतेम चार दशांश कमी होतात. प्रत्यक्ष फरक आहे आठ दशांश. उरलेले चार दशांश गोल्फच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सने आणि लाँच कंट्रोलने (सुटताना आरपीएम आणि क्लच आपोआप सांभाळणारी सोय) दिले. तिथे गिअर बदलताना ओढ तुटत नाही आणि प्रत्येक वेळी सुटणं सारखंच होतं. यारिसमध्ये हाताने गिअर टाकायचा आहे.

वेग घेतलेला असताना, वळणावळणाच्या रस्त्यावर किंवा अरुंद ट्रॅकवर हा फरक पुष्कळ पुसला जातो. १६१८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि आखूड गाडी तिथे तिचं वजन दाखवते, म्हणजे खरं तर वजन नसणं दाखवते. ब्रेक आणि टायरही कमी तापतात. २०२४ पासूनच्या यारिसला २८० पीएस, ३९० न्यूटन-मीटर आणि हवा असल्यास आठ गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला. त्यामुळे जुन्या चाचण्यांचे आकडे नव्या गाडीला लावू नका.

प्रश्न : मित्सुबिशी लान्सर इव्हो ९ आणि अडीच लिटरची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय. ताकद जवळपास सारखी, मग चालवताना इतक्या वेगळ्या का वाटतात? घ्यायची कोणती?

फरक इंजिन कुठे बसवलंय इथपासून सुरू होतो. इव्होचं ४जी६३ हे १९९७ सीसीचं, ओतीव लोखंडी ब्लॉकचं इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं बसतं. एसटीआयचं ईजे२५७ हे २४५७ सीसीचं बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरचं) इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, पुढच्या ॲक्सलच्या पुढे बसतं. बॉक्सर बुटका असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, पण इंजिनाचं वजन चाकांच्या पुढे लोंबतं. म्हणून एसटीआय वळणात शिरताना आधी नाक बाहेर ढकलते. ब्रेक थोडा धरून ठेवत आत न्यावी लागते. इव्हो स्टिअरिंग वळवल्याबरोबर आत येते.

बोअर आणि स्ट्रोक पाहिला तर स्वभाव आणखी उलगडतो. ४जी६३ मध्ये ८५ बाय ८८ मिमी, ईजे२५७ मध्ये ९९.५ बाय ७९ मिमी. मोठ्या व्यासाच्या पिस्टनवर ज्वाला पसरायला जास्त अंतर असतं, त्यामुळे नॉकिंगची, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी स्फोटासारखं पेटण्याची, भीती जास्त. म्हणूनच कंपनीने एसटीआयला साधारण १ बारचा बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) दिला, तर इव्हो १.३ बारच्या आसपास चालते. अर्धा लिटर जास्त आकारमान सुबारूला खालच्या आरपीएमला ओढ देतं. इव्हो मधल्या आणि वरच्या पट्ट्यात ती वसुली करते. इव्हो ९ च्या जपानी आवृत्तीवर २८० पीएस लिहिलंय ते जपानी कंपन्यांनी आपसांत पाळलेल्या मर्यादेतून आलेलं आहे. ती मर्यादा २००४ साली सुटली, पण इव्होचा छापील आकडा तिथेच राहिला.

आता मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. एसटीआयमध्ये प्लॅनेटरी डिफरन्शियल आहे. सुरुवातीच्या अमेरिकी गाड्यांत मूळ वाटणी पुढे ३५, मागे ६५ होती, नंतर ४१:५९ झाली. त्याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच घट्ट करतो आणि तो किती घट्ट करायचा हे चालकाला एका छोट्या फिरकीने ठरवता येतं. यालाच डीसीसीडी म्हणतात. इव्होमध्ये मूळ वाटणी ५०:५०. तिथे हायड्रॉलिक दाबाने चालणारा एसीडी क्लच फक्त लॉक किती करायचं ते बदलतो, वाटणी नाही. टारमॅक, ग्रॅव्हल, स्नो ही बटणं म्हणजे तो क्लच किती लवकर मोकळा सोडायचा याच्या तीन सवयी. जपानी इव्होत मागे एवायसी असतो, तो मागच्या डाव्या-उजव्या चाकांतला टॉर्क बदलून गाडी वळवतो. अमेरिकेत गेलेल्या इव्हो ८ आणि ९ मध्ये तो नव्हता, मागे साधा यांत्रिक एलएसडी (दोन चाकांतला वेगाचा फरक मर्यादित ठेवणारा डिफरन्शियल) होता. म्हणून "इव्हो अशी वळते" हे वाक्य ऐकलं की आधी कुठली इव्हो ते विचारा.

दोन्हींत हँडब्रेक ओढला की मधला क्लच आपोआप सुटतो, म्हणजे मागची चाकं अडवून घट्ट वळण घेता येतं. रॅलीतून आलेली सोय आहे ही. डीसीसीडी पूर्ण लॉक करून कोरड्या डांबरी रस्त्यावर फिरू नका. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. ते कापू दिलं नाही तर गाडी पार्किंगमध्ये अडकत-उड्या मारत वळते आणि तो ताण गिअरबॉक्सवर येतो.

आमचं मत विचाराल तर ट्रॅकसाठी इव्हो ९, रोजच्या वापरासह ओल्या-खडीच्या रस्त्यासाठी एसटीआय. पण जुनी गाडी घेताना मॉडेलपेक्षा प्रकृती महत्त्वाची. त्याचं उत्तर पुढे आहे.

प्रश्न : हाल्डेक्सवाल्या गाड्या "खऱ्या" ऑल व्हील ड्राइव्ह नसतात असं मित्र म्हणतो. बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. सातव्या पिढीची गोल्फ आर, ऑडी एस३ अशा आडव्या इंजिनाच्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. पुढची चाकं कायम जोडलेली असतात आणि मागच्या ॲक्सलच्या तोंडाशी तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच असतो, तोच हाल्डेक्स. पंप दाब देतो तितका मागे टॉर्क जातो. "१०० टक्के मागे" अशी जाहिरात दिसते, ती पुढची चाकं बर्फावर तरंगत असताना खरी. पकड सारखी असेल तर क्लच पूर्ण घट्ट केल्यावरही पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, एवढंच.

पण वेगाच्या दृष्टीने हे हलकं, स्वस्तात बसणारं आणि सुटताना उत्तम काम करणारं तंत्र आहे. चौथ्या पिढीपासून पंप आधीच दाब तयार ठेवतो, चाक घसरायची वाट पाहत नाही. कमी पडतं ते वळणात, कारण पुढचा डिफरन्शियल उघडा असतो आणि ब्रेक लावून त्याची भरपाई केली जाते. याच कारणाने फोर्ड फोकस आरएस, आठव्या पिढीची गोल्फ आर आणि आताची ऑडी आरएस३ यांत मागे डाव्या आणि उजव्या चाकाला स्वतंत्र क्लच आहे. बाहेरच्या चाकाला जास्त टॉर्क दिला की गाडी स्वतः आत वळते. फोकस आरएसमध्ये मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरवली जाते, म्हणून हे परिणामकारक होतं.

किंमत मोजावी लागते ती उष्णतेची. चकत्या घासतात, तेल तापतं. फोकस आरएस ट्रॅकवर जोरात पळवली की मागचं युनिट स्वतःला वाचवण्यासाठी सुटतं आणि काही वेळ गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह होते. तुलनेच्या चाचणीत एकच लॅप घेतला तर हे दिसत नाही. पाचवा लॅप पाहिला पाहिजे.

हाल्डेक्सची गाडी बाळगत असाल तर दर तीन वर्षांनी त्याचं तेल बदला आणि त्याच वेळी पंप काढून त्याची जाळी धुवा. तेल एक लिटरपेक्षाही कमी लागतं. नुसतं तेल बदलून पंपाला हात न लावणारे पुष्कळ आहेत. चकत्यांचा झिजलेला चुरा त्या बारीक जाळीवर चिकटतो, पंप कोरडा ओढत राहतो आणि जळतो. डॅशबोर्डवर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ओल्या रस्त्यावर सुटताना पुढची चाकं किंचाळायला लागली की समजायचं.

प्रश्न : एक टायर खिळ्याने बाजूला फाटला. बाकीचे तीन निम्मे झिजले आहेत. एकच नवा टाकला तर चालेल?

नाही. सुबारूची मर्यादा चारही टायरच्या परिघात पाव इंच, म्हणजे सुमारे ६.४ मिमी फरकाची आहे. नक्षीची खोली १ मिमीने कमी झाली की परीघ ६.३ मिमीने घटतो. म्हणजे १ मिमी झिजेतच मर्यादा संपली. नव्या टायरची नक्षी ८ मिमी आणि जुन्याची ४.५ असेल तर फरक २२ मिमी होतो. सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शियल सतत फिरत राहतो. जुन्या मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये मधल्या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंग असतं. त्यातलं सिलिकॉन तापून घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की कपलिंग बदलावंच लागतं. हाल्डेक्सच्या गाडीत चकत्या घासत राहतात.

मोजायची पद्धत अशी. चारही टायर थंड असताना सारखी हवा भरा. गाडी जॅकवर उचलून नक्षीच्या मधोमध लवचीक पट्टी गुंडाळा, टायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावली की पट्टी तिरकी सरकत नाही. वाचन दोनदा घ्या. चारही आकडे लिहून ठेवा. टायर अदलाबदल करताना दर ८ ते १० हजार किमीला हीच नोंद करा, म्हणजे झीज सारखी राहते का ते कळतं.

पर्याय तीन आहेत : चारही नवे, त्याच कंपनीचा आणि त्याच नक्षीचा तितकाच झिजलेला जुना टायर, किंवा नवा टायर मशीनवर तासून जुन्यांच्या खोलीला आणणं. दोन नवे पुढे आणि दोन जुने मागे ही युक्ती फ्रंट व्हील ड्राइव्हची आहे, इथे ती सगळ्यांत घातक ठरते, कारण पूर्ण फरक मधल्या डिफरन्शियलवर येतो.

प्रश्न : लाँच करताना क्लच जळल्याचा वास येतो. माझी पद्धत चुकतेय का?

थोडा वास प्रत्येक जोरदार लाँचला येणारच. मागच्या चाकांच्या गाडीत टायर घसरतात आणि धक्का तिथेच विरतो. चारही चाकांना पकड असेल तर टायर घसरत नाहीत, मग क्लच तरी घसरणार, नाहीतर काहीतरी तुटणार. क्लच हा इथे फ्यूज आहे.

गाडी सरळ उभी करा, स्टिअरिंग मधोमध. पहिल्या गिअरमध्ये ४००० ते ४५०० आरपीएम धरा. पेडल एकदम न सोडता पकड लागते त्या बिंदूपर्यंत झटकन आणा आणि तिथे साधारण एक सेकंद घासू द्या, त्याच वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम ३५०० च्या खाली गेला तर टर्बो झोपतो, ५५०० च्या वर उडाला तर क्लच नुसताच तापतोय. इंजिन आणि चाकांचा वेग जुळला की पाय पूर्ण उचला. लागोपाठ दोनपेक्षा जास्त नको. मध्ये दहा मिनिटं हलक्या पायाने फिरवा. उभं राहून फ्लायव्हील थंड होत नाही.

२००२ च्या सुमाराच्या डब्ल्यूआरएक्समधला पाच गिअरचा डबा अशा सुटण्याला मुळीच बनलेला नाही. त्याचे दात तुटतात. एसटीआयचा सहा गिअरचा डबा कितीतरी दणकट आहे. इव्हो ९ मध्ये उलटं आहे. तिथे पाच गिअरचा डबा सहा गिअरवाल्यापेक्षा जास्त सोसतो.

प्रश्न : जुनी एसटीआय किंवा इव्हो घेण्याआधी काय तपासायचं? टेस्ट ड्राइव्हला तर सगळ्याच छान पळतात.

टेस्ट ड्राइव्हच्या आधी कम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीकडाऊन (त्यातून किती हवा गळते) या चाचण्या करून घ्या. मालक नाही म्हणत असेल तर गाडी सोडा.

इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे प्लग सोडलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद राहिला तर आकडे खोटे कमी येतात. स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरला पाच ते सहा धक्के द्या. निव्वळ आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा, तो १० टक्क्यांच्या आत हवा. लीकडाऊनमध्ये २० टक्क्यांवर गळती असेल तर कान लावा. तेल भरायच्या तोंडातून सुस्कारा येतो तर रिंग किंवा पिस्टन, सायलेन्सरमधून येतो तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

ईजे२५७ मध्ये आधी चौथा सिलिंडर तपासा. दोन रिंगांमधली पिस्टनची पातळ कडा तिथे तुटते. कमी ऑक्टेनचं पेट्रोल, चुकीचा ट्यून (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग) आणि वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर, या तिन्हींत नॉकिंग होतं आणि मूळ ओतीव पिस्टनची ती कडा नॉकिंग सहन करत नाही. गाडी चालू ठेवून तेलाचं झाकण सैल करा. झाकण ठेक्यात उडत असेल, धूर फुंकल्यासारखा येत असेल, तर संशय घ्या. याच इंजिनात चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातली) तेल ओढणारी नळी जोडाच्या ठिकाणी तडकते आणि मग हवा ओढली जाऊन बेअरिंगं जातात. चेंबर उघडण्याची वेळ आली की ती नळी बदलूनच टाका. तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा. लांब वळणात तेल एका बाजूला चढतं तेव्हा तो अर्धा लिटर इंजिन वाचवतो.

४जी६३ चा खालचा भाग दणकट. तिथे टायमिंग बेल्टची पावती मागा. अमेरिकी वेळापत्रकाप्रमाणे तो ९६ हजार किमीला बदलायचा असतो. त्याच्याच मागे बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट असतो. तो तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला की व्हॉल्व्ह वाकतात. पावतीवर दोन्ही बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप असे चारही सुटे भाग दिसले पाहिजेत. टर्बोच्या टर्बाइन हाउसिंगला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे जातात, उष्णतारोधक पत्रा काढून बॅटरीच्या उजेडात पाहा. इव्हो १० घेत असाल तर एसीडीचा हायड्रॉलिक पंप मागच्या चाकाच्या कमानीजवळ असतो. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातली गाडी असेल तर तो गंजलेला असण्याची शक्यता मोठी. डॅशबोर्डवर एस-एडब्ल्यूसीची (चारही चाकांचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेची) सूचना येऊन गेली आहे का, ते फॉल्ट कोड वाचून बघा.

जपानमधून थेट आलेली गाडी असेल तर तिचा मूळ ट्यून १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला असतो. ९५ वर ती चालेल, पण ट्यून बदलल्याशिवाय पूर्ण बूस्टवर नेऊ नका.

प्रश्न : नवा इनटेक आणि डाऊनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बसवला. ट्यून नंतर करणार आहे. तोवर जपून चालवली तर?

जपून म्हणजे बूस्टशिवाय, आणि तसं कोणी चालवत नाही. सुबारूचा हवा मोजणारा सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास वाढला की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, हवा कमी आल्याचं वाटतं, तो पेट्रोल कमी देतो आणि मिश्रण पातळ होतं. डाऊनपाइप मोकळा झाल्यावर टर्बो लवकर फिरतो आणि जुन्या वेस्टगेटच्या (बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या) सेटिंगवर बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर उसळतो. दोन्ही एकत्र म्हणजे वर सांगितलेल्या पिस्टनच्या कडेची परीक्षा. ट्यूनपर्यंत मूळ भाग परत बसवा.

ट्यूननंतर लॉग, म्हणजे ईसीयूच्या आकड्यांची नोंद, घ्या. तिसरा गिअर, २५०० पासून लाल रेषेपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर. पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोल गुणोत्तर ११ ते ११.५ मध्ये हवं. सुबारूत डायनॅमिक ॲडव्हान्स मल्टिप्लायर १.० वर टिकला पाहिजे. तो खाली आला तर ईसीयूने नॉकिंग ऐकलेलं आहे. प्लग एक पायरी थंड घ्या आणि गॅप ०.६५ मिमीच्या आसपास ठेवा, नाहीतर जास्त बूस्टखाली ठिणगी विझते. एनजीके प्लगमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, ६ च्या जागी ७.

प्रश्न : डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांवर २३० अश्वशक्ती आली, कंपनी ३०० सांगते. गाडीत दोष आहे का?

एवढ्यावरून म्हणता येणार नाही. कंपनी फ्लायव्हीलवरचा आकडा देते. चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, दोन-तीन डिफरन्शियल आणि चार टायर वाटेत खातात. वर डायनोच्या प्रकाराप्रमाणे आकडे बदलतात. भार देणारा डायनो जड फिरक्यांच्या डायनोपेक्षा बहुधा कमी दाखवतो. एक टक्केवारी धरून उलटा हिशेब करू नका. तोच डायनो, तोच चौथा गिअर, टायरमध्ये तीच हवा, आत जाणाऱ्या हवेचं तापमान ५ अंशांच्या आत, अशा तीन धावा बदलाआधी आणि तीन नंतर. तुलना तेवढीच खरी.

उंचावरच्या गावात दुरुस्त केलेला आकडा फुगतो, हे लक्षात ठेवा. १५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १७ टक्के कमी असतो आणि दुरुस्तीचं सूत्र तेवढी भर घालतं. पण टर्बो त्यातला बराच भाग स्वतःच भरून काढत असतो.

आणि गाडी दोन चाकांच्या डायनोवर चढवू देऊ नका. "प्रोपेलर शाफ्ट काढून करू" असं सांगणारे भेटतात. मधला डिफरन्शियल असलेल्या गाडीत त्याने तोच जळतो.

प्रश्न : कोरड्या ट्रॅकवर फ्रंट व्हील ड्राइव्ह सिव्हिक टाइप आर या गाड्यांना मागे टाकते. मग चार चाकांचा उपयोग काय?

वळणातली पकड टायर देतात, ड्राइव्ह नाही. ब्रेकिंगमध्ये तर ऑल व्हील ड्राइव्ह काहीच देत नाही, उलट जास्तीचं वजन थांबवावं लागतं. टाइप आरला चांगला पुढचा एलएसडी, रुंद टायर आणि कमी वजन आहे, म्हणून मोठ्या, वाहत्या वळणांच्या कोरड्या ट्रॅकवर ती पुढे जाते. हळू वळणातून बाहेर पडताना, ओल्यात, थंड टायरवर आणि ४०० पीएसच्या वर चित्र बदलतं. ४२१ पीएसची मर्सिडीज ए४५ एस किंवा ४०० पीएसची आरएस३ नुसत्या पुढच्या चाकांवर ती ताकद खाली उतरवूच शकली नसती.

या जास्तीच्या वजनामुळेच ट्रॅकवर जायच्या आधी ब्रेक फ्लुइड बदला. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. दोन वर्षं जुन्या डॉट ४ वर तिसऱ्या लॅपला पेडल जमिनीला टेकतं ते याच कारणाने. शेवटचा लॅप ब्रेक न लावता, चौथ्या गिअरमध्ये, बूस्टशिवाय घ्या. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे लाकडी ठोकळा लावा. सुबारूचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि उभ्या गाडीत तोच सगळ्यांत जास्त तापतो, म्हणून बोनेट लगेच उघडा. पुढच्या सत्राचा पहिला लॅप मात्र वेळेत धरू नका, तो गरम इंटरकूलरचा असतो.